अकूस्टिक गिटारला साउंडहोल पिकअप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कॅफेत, लग्नांच्या संगीतात आणि गणपतीतल्या कार्यक्रमांत गिटार वाजवतो, आणि ओळखीच्यांच्या गिटारींना पिकअप बसवून देतो. त्यामुळे "अरे, कुठला पिकअप घेऊ?" असा फोन अधूनमधून येतोच. उत्तर देण्याआधी मी तीन गोष्टी विचारून घेतो: तारा कुठल्या आहेत, वाजवणार कुठे, आणि केबलचं दुसरं टोक कशात जाणार. कंपनीचं नाव त्यानंतर. खालचे प्रश्न त्या फोनांमधूनच गोळा झालेत.

साउंडहोल पिकअप म्हणजे नेमकं काय?

गिटारच्या गोल भोकात, तारांच्या खाली आडवी बसणारी पट्टी. आत लोहचुंबक, त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत वीज तयार होते आणि ती केबलमधून अ‍ॅम्पकडे जाते. इलेक्ट्रिक गिटारचं तत्त्व तेच इथे.

यातून एक गोष्ट निघते आणि बाकीची सगळी उत्तरं तिच्यावर उभी आहेत: हा पिकअप तार ऐकतो, लाकूड फारसं ऐकत नाही. तुमच्या गिटारचा सॉलिड टॉप (पुढची अखंड लाकडाची फळी) किती गोड वाजतो याची त्याला जेमतेम कल्पना असते. म्हणून घरी माइकवर ऐकलेला आवाज स्टेजवर हुबेहूब मिळेल या आशेने तो घेऊ नका. पण शेजारी ढोलकी, मागे मॉनिटर स्पीकर आणि समोर जेवणाऱ्यांचा गोंगाट असला की लाकूड आणि हवा न ऐकणं हाच त्याचा सर्वात मोठा गुण ठरतो.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत ओहायोतल्या टोलीडो गावचे हॅरी डीआर्मंड १९३०च्या दशकापासून गिटारला वरून लावायचे पिकअप बनवत होते. ब्लूज गाणाऱ्या लाइटनिन हॉपकिन्सच्या गिटारच्या भोकात त्यांचाच पिकअप दिसतो. निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनने नोव्हेंबर १९९३ मध्ये एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड' या गाजलेल्या अकूस्टिक कार्यक्रमात १९५९ सालची मार्टिन डी-१८ई वाजवली. तिच्यावर कारखान्यातूनच डीआर्मंडचे पिकअप होते, तरी त्याने भोकात बार्टोलिनीचा वेगळा पिकअप बसवून घेतला होता. २०२० मध्ये ती गिटार लिलावात साठ लाख डॉलरना गेली. पिकअपमुळे नव्हे, हे सांगायला नको.

सॅडलखाली बसणारा पायझो असताना हा कशाला?

पायझो सॅडलखालचा, म्हणजे ब्रिजवर तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीखालचा, दाब मोजतो. त्यामुळे त्यात प्लकचा कडक, कोरडा टकटकाट येतो. जोरात स्ट्रम केलं की आवाज प्लास्टिकच्या पट्टीसारखा होतो. इंग्रजीत त्याला बदकाच्या आवाजाची उपमा देतात, आणि एकदा ऐकलं की पटते. साउंडहोल पिकअपचा आवाज गोल, भरलेला आणि थोडा इलेक्ट्रिककडे झुकलेला असतो.

बसवण्याचाही फरक मोठा. पायझोसाठी सॅडलच्या खाचेचा तळ सपाट लागतो, सॅडल तेवढं घासावं लागतं, आणि दाब एकसारखा नसेल तर एखादी तार मुकी होते. साउंडहोल पिकअप दोन स्क्रू आवळले की बसला. उद्या दुसऱ्या गिटारला लावता येतो, गिटार विकली तर काढून ठेवता येतो. पायझो चांगला चालत असेल तर उगाच काढू नका. मात्र तो स्टेजवर सतत शिट्टी (फीडबॅक) मारत असेल तर पुढे वाचा.

दुसरी तार इतकी जोरात का वाजते?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि प्रत्येकाला वाटतं आपलाच पिकअप खराब निघाला.

अकूस्टिकचा नेहमीचा बाराचा सेट (पहिली तार इंचाच्या १२ हजारांश) घ्या. दुसरी तार, म्हणजे बी, इंचाच्या १६ हजारांश जाडीची आणि अखंड पोलाद. तिच्या शेजारची तिसरी, जी, २४ हजारांश. डोळ्यांना जी जाड दिसते, पण तिच्यावर ब्रॉन्झचं वेटोळं आहे आणि ब्रॉन्झला लोहचुंबक ओळखतच नाही. आतला पोलादी गाभा बाहेरच्या जाडीच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे पिकअपच्या लेखी बी ही जीपेक्षा बरीच जाड तार आहे, आणि तो तिला तसंच वाजवतो. फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन सुट्या तारांना लावून पाहा, हातालाच फरक कळेल.

अकूस्टिकसाठी म्हणून बनवलेल्या पिकअपमध्ये याची तजवीज असते. काहींत बीखालचा चुंबकाचा खांब कारखान्यातच खाली ठेवलेला असतो. काहींत सहा स्क्रू असतात आणि ते तुम्ही फिरवायचे. माझी पद्धत अशी: अ‍ॅम्पचे बास, मिड, ट्रेबल मधोमध ठेवतो आणि सहावीपासून पहिलीपर्यंत प्रत्येक मोकळी तार एकाच जोराने, चार-चारदा वाजवून फोनवर रेकॉर्ड करतो. रेकॉर्डरच्या पडद्यावर तरंगांची उंची दिसते. बीचा डोंगर लगेच उठून दिसतो. मग बीखालचा स्क्रू अर्धा फेरा खाली, जीचा अर्धा फेरा वर, पुन्हा रेकॉर्डिंग. तीन-चार फेऱ्यांत जुळतं. घाईने स्क्रू पूर्ण खाली नेऊ नका, नाहीतर पहिल्या आणि तिसऱ्या तारेच्या मध्ये खड्डा पडतो आणि मेलडी वाजवताना नेमका तिथेच सूर गायब होतो.

स्क्रू नसतील तर पिकअप थोडा तिरपा बसवा, बारीक तारांकडची बाजू किंचित खाली. आणि इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप भोकात चिकटवायचा जुगाड करत असाल तर बी तुमचं काही ऐकणार नाही.

नायलॉनच्या तारांवर चालेल का?

नाही. पहिल्या तीन तारा नुसत्या नायलॉनच्या, बाकीच्या तिन्हींत नायलॉनच्या धाग्यांवर चांदीचा मुलामा दिलेलं तांबं. लोखंड कुठेच नाही, त्यामुळे पिकअपला तिथे ताराच दिसत नाहीत. क्लासिकल गिटारला पायझो, टॉपला आतून चिकटणारा कॉन्टॅक्ट पिकअप किंवा माइक लावा. "क्लासिकलवर स्टीलच्या तारा चढवतो" असंही एकाने सुचवलं होतं. ती गिटार तेवढ्या ताणासाठी बांधलेलीच नसते; ब्रिज उखडून हातात येईल.

सिंगल कॉइल घ्यावा की हंबकर?

घरात आणि छोट्या खोलीत सिंगल कॉइल जास्त मोकळा, चमकदार वाटतो. पण एकाच कॉइलचा, म्हणजे वेढ्यांच्या एकाच गुंडाळीचा पिकअप आजूबाजूच्या विजेची गुणगुण पकडतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती ५०, १०० अशा पट्ट्यांत घुमते. मंडपात तर डिमरवरचे दिवे, एलईडी वॉल, जनरेटर आणि तारांचं जंजाळ, सगळं एका जागी.

हंबकरमध्ये दोन कॉइल उलट्या दिशेने गुंडाळलेल्या असतात आणि त्यांच्या चुंबकांची दिशाही उलटी. तारेचा आवाज दोघींत मिळून वाढतो, बाहेरची गुणगुण एकमेकींना खोडते. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. स्टेजवर वाजवणाऱ्याने हंबकरच घ्यावा, यावर माझं मत पक्कं आहे. मूळ आवाजातली थोडी चमक जाते, ती ट्रेबलच्या बटणाने बऱ्यापैकी परत येते. गुणगुण मात्र टोनच्या कुठल्याच बटणाने जात नाही.

सिंगल कॉइल आधीच घेतला असेल तर उभं राहण्याची दिशा बदलून पाहा. गिटार पाव फेरा वळवली की गुणगुण बरीच कमी होते, कधी जवळजवळ जाते. आणि एक कळकळीची गोष्ट: गुणगुण घालवायला अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढणारे महाभाग आहेत. तसं कधीही करू नका आणि दुसऱ्याला करू देऊ नका, शॉक बसून जीव जाऊ शकतो. अर्थिंगमुळे येणारी गुणगुण तोडायला डीआय बॉक्सवर (गिटार आणि मिक्सरच्या मध्ये लावायचा छोटा डबा) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं.

पॅसिव्ह आणि अ‍ॅक्टिव्ह यांत फरक काय?

पॅसिव्हमध्ये सेल नाही. वेढ्यांतून येईल तेवढंच. अ‍ॅक्टिव्हमध्ये छोटा प्रीअ‍ॅम्प (सिग्नल वाढवणारं सर्किट) आणि तो चालवायला बटणसेल. अ‍ॅक्टिव्हचा सिग्नल दमदार असतो, लांब केबलनेही मंदावत नाही.

अ‍ॅक्टिव्ह पिकअप बहुधा जॅकवरच चालू-बंद होतो: केबल खुपसली की सेल सुरू. म्हणून वाजवून झाल्यावर केबल काढायची सवय लावा, नाहीतर पुढच्या कार्यक्रमाला मुकी गिटार घेऊन उभे राहाल. यामागची गंमत माहीत असलेली बरी. गिटारवरचा जॅक स्टिरिओ असतो आणि साध्या मोनो पिनमुळे त्यातले दोन भाग जोडले जाऊन सेल चालू होतो. चुकून स्टिरिओ केबल लावली तर पिकअप बंदच राहतो, आणि माणूस अर्धा तास मिक्सरकडे संशयाने बघत बसतो. मी बसलोय.

एलआर ४४ आकाराचे सेल लागत असतील तर त्याच आकारातले सिल्व्हर ऑक्साइडचे एसआर ४४ घ्या. अल्कलाइनचं (एलआर ४४) व्होल्टेज हळूहळू उतरतं आणि त्याबरोबर आवाजही मळतो. सिल्व्हर ऑक्साइड शेवटपर्यंत सरळ चालतो.

थेट मिक्सरला लावला तर?

अ‍ॅक्टिव्ह असेल तर वेळ निभावते. पॅसिव्ह असेल तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो.

पॅसिव्ह पिकअपला पुढच्या इनपुटमध्ये मोठा अवरोध (इम्पिडन्स) लागतो. गिटारसाठीच्या इनपुटला तो साधारण दहा लाख ओहम म्हणजे एक मेगाओहम असतो. मिक्सरच्या लाइन इनपुटला दहा-वीस हजार, माइकच्या इनपुटला दोन-तीन हजार. एवढ्या कमी अवरोधापुढे पिकअप गुदमरतो आणि सगळ्यात आधी ट्रेबल मारला जातो. एका लग्नात साउंडवाल्याने माझा पॅसिव्ह पिकअप अडॅप्टर लावून सरळ माइकच्या चॅनलमध्ये घातला आणि नंतर सगळी संध्याकाळ ट्रेबल वाढवत बसला. फक्त सूं-सूं वाढली. त्याची तरी काय चूक, डीआय बॉक्स मी घरी विसरलो होतो.

तर डीआय बॉक्स घ्या. तो अवरोध जुळवतो आणि सिग्नल बॅलन्स्ड करून लांब केबलवरून शांतपणे नेतो. अ‍ॅक्टिव्ह डीआयला सेल किंवा मिक्सरकडून ४८ व्होल्ट फॅन्टम (माइकच्या केबलमधूनच येणारी वीज) लागतो, एवढं साउंडचेकच्या वेळी सांगून ठेवा. काही मिक्सरवर एखाद्या चॅनलला हाय-झेड किंवा गिटारचं बटण असतं. ते दाबलं तर केबल छोटी ठेवून थेट लावता येतं.

पैसे मोजकेच असतील तर माझा सल्ला ठरलेला: मध्यम पिकअप आणि चांगला डीआय. भारी पिकअप आणि डीआय नाही, ही जोडी दर वेळी हरते.

माझ्या गिटारला बसेल का?

मोजून घ्या. ड्रेडनॉटचं, म्हणजे नेहमीच्या मोठ्या पेटीच्या गिटारचं भोक साधारण चार इंचांचं, म्हणजे १०० मिलिमीटरच्या आसपास असतं. छोट्या पार्लर आणि ट्रॅव्हल गिटारींचं लहान. पिकअपच्या पाकिटावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त व्यास दिलेला असतो. भोक अंडाकृती असेल तर पिकअप जिथे बसणार तिथली रुंदी मोजा. एका बाजूला सरकवलेल्या किंवा अनेक छोट्या भोकांच्या गिटारींचा नाद सोडा.

दुसरं मोजमाप लोक विसरतात. पिकअपचे चिमटे टॉपची कड वरून-खालून धरतात. आत बोट घालून चाचपा: भोकाच्या लगेच पलीकडे आडवी किंवा तिरपी ब्रेसिंगची (टॉपला आतून आधार देणारी) पट्टी लागते. चिमट्याला तिच्याआधी जागा हवी. काही गिटारींत कडेला आतून मजबुतीची चकती असते, तिथे चिमट्याचं तोंड पुरेसं उघडतं का तेही बघा.

तिसरं, शेवटच्या फ्रेटवर सगळ्या तारा दाबल्यावर त्यांच्याखाली किती जागा उरते. अ‍ॅक्शन (फ्रेटबोर्डपासून तारांची उंची) फार खाली असलेल्या गिटारला जाड पिकअप घासतो.

गिटारला भोक पाडावं लागतं का?

नाही. अनेक पिकअपना स्वतःची केबल जोडलेलीच असते. ती भोकातून बाहेर काढायची आणि पट्ट्यात अडकवून घ्यायची. दिसायला जरा गबाळं, पण महिन्याला एखादा कार्यक्रम करणाऱ्याला पुरतं. केबल पट्ट्याच्या बटणाभोवती एक वळसा घालून मगच खाली सोडा, म्हणजे कोणाचा पाय पडला तरी झटका पिकअपला बसणार नाही.

वरचेवर वाजवत असाल तर मागच्या बटणाच्या जागी एंडपिन जॅक (केबल खुपसायचं तोंड) घाला. त्यासाठी तिथलं भोक साधारण १२ मिलिमीटरचं करावं लागतं. पहिल्यांदा मी हे काम माझ्याच गिटारवर साध्या ड्रिलने केलं. ड्रिलचं पातं लाकडात अडकलं, गिटार गर्रकन फिरली आणि भोकाभोवतीचं पॉलिश नखाएवढं उडालं. आता मी वरून मास्किंग टेप लावतो आणि शंकूच्या आकाराच्या रीमरने हाताने, सावकाश भोक मोठं करतो. वॉरंटीतली किंवा महागडी गिटार असेल तर हे काम गिटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्या.

कुठे आणि किती उंचीवर बसवायचा?

शेवटच्या फ्रेटवर तारा दाबून धरा. जाड तारांखाली चार आणि बारीक तारांखाली तीन मिलिमीटर अंतर, इथून सुरुवात करा. खूप जवळ नेला तर आवाज मोठा होतो, पण चुंबक तारेला ओढायला लागतं आणि वरच्या फ्रेट्सवर सूर डळमळतो.

फ्रेटबोर्डच्या कडेला सरकवला तर आवाज मऊ, गुबगुबीत. ब्रिजकडे सरकवला तर कडक आणि स्पष्ट. बोटांनी वाजवणाऱ्यांना पहिली जागा आवडते, बँडमध्ये स्ट्रम करणाऱ्यांना दुसरी. एक-दोन सेंटिमीटरमध्येही फरक पडतो, म्हणून स्क्रू पक्के आवळण्याआधी दोन्हीकडे ऐका.

तरीही शिट्टी मारते. आता?

गिटारच्या पेटीतली हवा स्वतःच एका सुराला घुमते. ड्रेडनॉटमध्ये तो साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे सहाव्या तारेच्या दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटपाशी. बहुतेक वेळा "हूं" असा जाड आवाज तिथूनच येतो. मॉनिटर तुमच्या गिटारच्या तोंडाकडे असेल तर तो बाजूला वळवा. मग मिक्सरवर त्या भागातला आवाज थोडा कापा. डीआय किंवा प्रीअ‍ॅम्पवर फेजचं बटण असेल तर एकदा उलटं करून बघा. कधीकधी तेवढ्यानेच काम होतं. भोक बंद करणारी रबरी झाकणंही मिळतात, पण पिकअप भोकात असताना बसेल असं खाचेचं झाकण शोधावं लागतं.

मी बॉडीवर थापा मारत वाजवतो. ऐकू येतील?

साध्या मॅग्नेटिक पिकअपमध्ये जवळजवळ नाही. एल. आर. बॅग्जच्या एम-८० सारख्या पिकअपमध्ये कॉइल हलती ठेवून बॉडीची कंपनं पकडतात, तिथे थाप ऐकू येते. सीमोर डंकनच्या मॅग माइकमध्ये पिकअपबरोबर छोटा माइकही असतो. फिशमनच्या रेअर अर्थचाही माइकवाला प्रकार आहे. माइकचा भाग वाढवला की शिट्टीची भीती परत आलीच, म्हणून गोंगाटाच्या जागी तो खाली ठेवतात.

बरं, नावं सांगा ना.

पहिला पिकअप म्हणून मी बहुतेकांना फिशमन निओ-डीचा हंबकर सुचवतो: पॅसिव्ह, केबल जोडलेली, भोक नको, कटकट नको. सीमोर डंकनचा वूडी त्याच पंगतीतला. घ्याल तर हम-कॅन्सलिंगवाला. त्यावरच्या पायरीवर बॅग्जचा एम-१ आणि फिशमनचा रेअर अर्थ. बोटांनी वाजवणाऱ्यांत सनराइजचं नाव आदराने घेतात. तो दमदार आहे, पण त्याला साजेसा प्रीअ‍ॅम्प नसेल तर पैसे वाया. बारा तारांची गिटार असेल तर सहा सुट्या खांबांऐवजी सलग पट्टीचा पिकअप बघा.

स्वस्त चिनी पिकअपही मी बसवून पाहिलेत. आवाज वाटतो तेवढा वाईट नसतो. आधी वाट लागते ती केबलच्या सांध्याची आणि आवाजाच्या चाकाची. सराव, शाळेचं गॅदरिंग, चर्चचा क्वायर यांना चालून जातो.

रेकॉर्डिंगला?

माइक लावा.

पावसाळ्यात काही काळजी?

कोकणात, मुंबईत, गोव्यात दमट हवेने गिटारचा टॉप फुगतो, तारा वर उचलल्या जातात आणि पिकअपपासूनचं अंतर बदलतं. जूनमध्ये जुळवलेला समतोल ऑगस्टमध्ये बिघडला तर पिकअपला दोष देऊ नका; अंतर पुन्हा मोजा. महिनाभर वाजवणार नसाल तर बटणसेल काढून ठेवा, पाझरला तर आतली पितळी पट्टी हिरवी पडते. आणि चिमट्यांखालचा कॉर्क किंवा फोम ओला होऊन पॉलिशला चिकटतो, अधूनमधून सैल करून पुसून घ्या.

सेकंडहँड घ्यावा का?

बिनधास्त. पॅसिव्ह पिकअपमध्ये बिघडण्यासारखं फार थोडं असतं. बघायला जाताना केबल आणि बॅटरीवर चालणारा छोटा अ‍ॅम्प बरोबर न्या. पिकअप गिटारला लावायचीही गरज नाही: अ‍ॅम्पला जोडा, आवाज कमी ठेवा आणि लोखंडी स्क्रूड्रायव्हरचं टोक सहाही खांबांना एकेक करून हळूच टेकवा. प्रत्येक ठिकाणी सारखा "टक्" यायला हवा. मग केबल पिकअपमध्ये शिरते तिथे बोटात धरून हलवा. खरखर आली तर तिथला सांधा सुटत आलाय. सोल्डरिंग येत असेल तर तेवढ्यावर भाव पाडून घ्या.